पूल नसलेलं चित्र

हल्ली मी बाबांना काहीही सांगायचं झालं तर आधी खातरजमा करून सांगते. इथे ऊन पडलंय एवढंच म्हणायचं असलं तरी उठून खिडकीबाहेर बघून घेते. नवरा हसतो. हसू दे. त्याला काय जातंय.

बाबा सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना पोरं बसवायची, त्यांच्याकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र घोटून घ्यायचं, यात त्यांचं आयुष्य गेलं. तांब्याचं तोंड वरून बघितलं की लंबगोल दिसतं, गोल नाही, हे अर्ध्या सांगलीला त्यांनी शिकवलं असेल. जवळचं मोठं, लांबचं लहान. माणूस काढलास तर तो नुसता उभा नको, काहीतरी करताना दिसू दे. मलाही हे सगळं तोंडपाठ होतं आणि दोन्ही परीक्षांत ए ग्रेड होती. आमच्या घरात चित्र म्हणजे ज्याकडे बोट दाखवून ‘हे अमुक आहे’ म्हणता येतं ते. बाकीच्याला बाबा ‘डोंबल’ म्हणायचे. पुण्यात एकदा प्रदर्शनाला गेलो होतो, तेव्हा एका भल्यामोठ्या पिवळ्या-काळ्या कॅनव्हाससमोर उभं राहून त्यांनी मोठ्याने, ‘यातलं काय बघायचं असतं?’ असं त्या चित्रकारालाच विचारलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं मला.

आई गेल्यावर बाबा पुण्याला दादा-वहिनीकडे राहायला आले. मी तोवर इकडे जर्मनीत, बॉबलिंगेनला. दोन वर्षांसाठी म्हणून आलेली माणसं इथे कशी राहतात ते नव्याने सांगायला नको. गाड्यांच्या कंपन्यांना लागणारं सॉफ्टवेअर लिहिते, मुलगी आता माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तरं देते, एकूण बरं चाललंय. बाबांना काचबिंदू होता हे उशिरा कळलं. कळलं म्हणजे, त्यांना कळलं होतं, त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. दाराच्या चौकटीला धडकायला लागले, चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवायला लागले, तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. गेल्या दिवाळीपर्यंत उजेड आणि अंधार, एवढंच उरलं. मी धावत गेले, सुट्टी संपेपर्यंत राहिले, आणि परत आले. विमानात रडले आणि फ्रँकफर्टला उतरल्याबरोबर ऑफिसच्या ईमेल बघायला लागले. माझी मलाच शरम वाटली, पण ईमेल बघायची काही थांबले नाही.

त्याच आठवड्यात माझा जपानी ठसाचित्रांचा वर्ग सुरू झाला. इथे गावोगावी फोक्सहोखशूल असते, मोठ्या माणसांसाठी संध्याकाळची शाळा. तिथे उन्हाळ्यातच मी नाव घातलं होतं. बापाचे डोळे गेले आणि लेक निघाली चित्रं काढायला, असं मनात म्हणत मी पहिल्या दिवशी जिना चढले.

शिकवणाऱ्या बाई जपानी, साठीच्या पुढच्या. आयुष्य जर्मनीत गेलेलं, पण जर्मन बोलायच्या सावकाश, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा, त्यामुळे मला बरं पडायचं. त्यांनी सांगितलं, पूर्वी जपानात एकाने चित्र काढायचं, दुसऱ्याने ते लाकडात कोरायचं, तिसऱ्याने छापायचं अशी रीत होती. मग गेल्या शतकात काही हट्टी माणसं उठली आणि म्हणाली, आम्हीच काढणार, आम्हीच कोरणार, आम्हीच छापणार. आणि युद्धानंतर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी फुजी डोंगर, लाटा, छत्रीवाल्या बायका हे सगळं सोडून दिलं. फळीच्या शिरा, गाठी, तुटलेली कड, खाली ठेवलेला दोरा, जे लाकडावर आहे तेच कागदावर येऊ दिलं. बाईंनी त्यांच्याकडचा एक ठसा दाखवला. करडा रंग, त्याच्यावर एक तिरका पांढरा पट्टा, बस.

“पण हे चित्र कशाचं आहे?” मी विचारलं. बाबांची लेक ना मी.

“आल्झो,” बाई म्हणाल्या, आपण ‘तर मग’ म्हणतो तसं, आणि थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, “कशाचं नाही. हे आहे, एवढंच.”

मला ते काही पटलं नाही. मी सरळ सांगलीचा कृष्णेवरचा पूल काढायला घेतला. कमानी, पाणी, घाटाच्या पायऱ्या. त्या रविवारी व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, तुझं ते जपानी काय चाललंय, तेव्हा मी अगदी खरं सांगितलं, “पूल कोरतेय बाबा. आपला.” डोळे गेल्यापासून त्यांचा चेहरा एका जागी थिजल्यासारखा झाला होता. तो त्या दिवशी हलला. म्हणाले, “कमानींची सावली पाण्यात पडते, ती विसरू नको. आणि पलीकडच्या कमानी लहान होत गेल्या पाहिजेत.”

पुढच्या वर्गाला बाईंनी माझी फळी बघितली. “गेनाऊ,” म्हणाल्या. अगदी बरोबर पूल आहे. आणि मग त्यांनी हळूच विचारलं की तो कोरताना मला कंटाळा येतोय का. मी फणकाऱ्याने नाही म्हणाले. पण येत होता. चांगलाच येत होता. पूल मला पाठ होता, हात आपोआप चालत होता, आणि मी मनात आठवड्याची भाजी आणत होते.

मग एके शनिवारी मी बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून, पाइनची एक साधी फळी आणली आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे तारेच्या ब्रशने घासत बसले. मऊ भाग झिजतो, कडक शिरा वर येतात. एका कोपऱ्यात गाठ होती, तिच्याभोवती शिरा वळसा घालून गेल्या होत्या. दुसऱ्या एका तुकड्यावर मी सुतळीची दोन वेटोळी चिकटवली. पुढच्या वर्गाला फळीला अगदी पातळ शाई लावली, ओलसर कागद ठेवला आणि बारेनने घासलं. बारेन म्हणजे बांबूच्या पानात गुंडाळलेली चपटी गोल गादी. मग त्याच कागदाखाली सुतळी लावलेला तुकडा ठेवून शाई न लावता नुसतं दाबून घासलं. याला जपानीत रिकामी छपाई म्हणतात, असं बाई म्हणाल्या. रंग काही नाही, फक्त कागद उठून येतो. कागद उचलला आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. हे कशाचंच नव्हतं, याला कुणी ग्रेड देणार नव्हतं, आणि मी इतकी खूश होते की घरी येताना ट्रेनमध्ये एकटीच हसत होते. त्याच दिवशी पुलाची फळी कॉटखाली गेली.

रविवार आला. बाबांनी पहिला प्रश्न हाच केला, “पूल कुठवर आला?”

पूल रद्द केला म्हणायला काय जात होतं माझं. पण मग काय करतेस म्हणतील, आणि मी काय सांगणार, लाकूड छापतेय? डोंबल, म्हणाले असते. आणि खरं सांगायचं तर ‘डोंबल’ची भीती निम्मीच होती. उरलेलं निम्मं म्हणजे, त्यांचा तो हललेला चेहरा परत थिजेल याची भीती. मी म्हणाले, “चाललाय बाबा. सावली घेतली पाण्यातली.”

एकदा उचलली जीभ लावली टाळ्याला, की मग थांबता येत नाही. दर रविवारी मी पूल थोडा थोडा पुढे नेला. घाटावर पायऱ्या केल्या. कडेला एक होडी बांधली. बाबा म्हणाले, घाटावर माणूस पाहिजे, रिकामा घाट मेल्यासारखा दिसतो. मी एक बाई बसवली, पदर खोचून धुणं धुणारी. “तोंड कुठे आहे तिचं?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, “पाण्याकडे. आपल्याकडे पाठ आहे.” त्यावर ते बराच वेळ खूश होते. “शाबास. चेहरा काढायला गेलीस की बिघडतं,” म्हणाले. त्यांना पुन्हा एक विद्यार्थी मिळाला होता. वहिनी सांगायची, रविवारी सकाळपासून मोबाइल चार्ज केलाय का विचारतात. आणि मी इकडे त्या कॉलच्या आधी आज पूल कुठवर न्यायचा ते ठरवत बसायची. तो सुतळीचा ठसा मी घरी भिंतीवर लावला होता, मुलगी त्याच्याकडे बघून नुसतं ‘शोएन’, छान, म्हणून गेली होती. तिने काय आहे ते विचारलंही नव्हतं. आजोबांना मात्र मी नदी, पूल आणि होडी विकत होते.

मग एकदा मीच शहाणपणा करून त्यांना त्या रिकाम्या छपाईबद्दल सांगितलं. कागद कसा उठून येतो, बोटाला कसा लागतो. आली का पंचाईत. बाबा म्हणाले, “म्हणजे मला हाताने बघता येईल. पाठव की.”

मी पुलाची फळी कॉटखालून काढली. एक संध्याकाळ प्रामाणिकपणे बसलेही. आणखी दोन कमानी कोरल्या, तिसरीला कोरणी घसरली आणि खांबच उडाला. ऑफिसातला एक जण चार दिवसांत पुण्याला निघाला होता, तो न्यायला तयार होता. नवीन फळी घेऊन अख्खा पूल त्या वेळात होण्यासारखा नव्हता. अजून कुणीतरी नंतर जाईल, थांबते, असं म्हणता आलं असतं. मी थांबले नाही. मी लाकडाच्या शिरांचा आणि सुतळीचा तो ठसा भिंतीवरून काढला, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवला आणि चिकटपट्टी लावताना मनात म्हणाले, त्यांना कुठे दिसणार आहे.

हे वाक्य मी माझ्या वडिलांबद्दल म्हणाले. खोटं मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलत होते, असं मी स्वतःला सांगत आले होते. पण हे वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं. ते माझ्या सोयीचं होतं. ते आठवलं की आजही हातातलं काम ठेवून द्यावंसं वाटतं.

वहिनीला फोन करून विश्वासात घेतलं. तिला सांगितलं, त्यात पूल नाहीये, पण बाबांनी विचारलं तर आहे म्हण. वहिनी हसली. “अहो ताई, त्यात काय. हिमालय आहे म्हणा म्हणालात तरी म्हणेन.”

ठसा पोचला. बाबांनी आधी कागदाचा वास घेतला म्हणे. मग कॉल लावला आणि मांडीवर घेऊन बसले. मी इकडून सांगत गेले, डावीकडे कमानी, खाली घाट. त्यांची बोटं कागदावर फिरत होती आणि ते हं, हं म्हणत होते. मला वाटलं, निभावलं. त्यांनी तो फ्रेमशिवाय ठेवायला सांगितला, काच लावली तर हाताला लागणार नाही म्हणून. सोसायटीतल्या लोकांना बोलावून दाखवला. लोक तरी काय करतील. डोळे गेलेला म्हातारा मास्तर लेकीचं चित्र दाखवतोय, समोर करड्या रेघा आणि दोन वेटोळी आहेत, आणि तो सांगतोय की हा आमचा सांगलीचा पूल. एका गृहस्थांनी तर ‘वा, हुबेहूब’ म्हणून पाठ थोपटली. वहिनीने हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसलो. हसलो, हे लपवून काय उपयोग.

नंतर काही आठवड्यांनी वहिनीचा फोन ऑफिसच्या वेळेत आला. एरवी ती असं करत नाही. मी मीटिंग सोडून बाहेर जिन्यात गेले.

“ताई, बाबा काहीच करेनासे झालेत,” ती म्हणाली.

डोळे गेल्यावर बाबांनी हळूहळू हातांवर भरवसा ठेवायला सुरुवात केली होती. शर्ट चाचपून कुठला ते ओळखायचे. गोळ्यांच्या पाकिटांना त्यांनी कडेला चिरा पाडून घेतल्या होत्या, सकाळची कुठली नि रात्रीची कुठली ते कळायला. वहिनीला कोथिंबीर निवडून द्यायचे, वाटाणे सोलून द्यायचे आणि किडका दाणा बरोबर बाजूला काढायचे. ते सगळं त्यांनी सोडलं होतं.

“म्हणतात, बोटंही गेली माझी. शुगर आहे ना त्यांना, तर शुगरने बोटं बधिर झाली असं त्यांनी धरलंय. ह्यांच्या मागे लागलेत, नसांची तपासणी करायला ने म्हणून. मी म्हटलं, बाबा, अचानक काय झालं? तर म्हणाले, पोरीने एवढा पूल कोरून पाठवलाय, सगळ्यांना दिसतोय, मला एक कमान सापडत नाही. रोज दुपारी घेऊन बसतात ते चित्र. बोटं धुऊन पुसून बसतात. काल वाटाणे दिले तर म्हणाले, नको, कीड कळायची नाही मला. ताई, मला आता नाही खोटं बोलवत. तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते.”

मी जिन्याच्या पायरीवर बसले. कुणीतरी जाताना सगळं ठीक आहे का विचारलं, मी जा, जा म्हणाले. डोळे काचबिंदूने नेले, त्यात माझा हात नव्हता. बोटं मात्र मी काढून घेतली होती. आणि ते इतके सज्जन की त्यांनी लेकीवर संशय घ्यायच्या आधी स्वतःच्या हातांवर घेतला. लोकांनी ‘हुबेहूब’ म्हणून माझ्या खोट्यावर शिक्का मारला होता, आणि त्या शिक्क्याला मी हसले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, “मग सांगून टाक की. चित्रच तर आहे.” मी त्याच्यावर अशी काही ओरडले की मुलगी खोलीतून बाहेर आली. त्याची काही चूक नव्हती. पण घरात ओरडायला दुसरं कोण होतं.

रविवारची वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि पुण्यातल्या दुपारी कॉल लावला. बाबा खुर्चीत होते, ठसा शेजारच्या स्टुलावर होता. वहिनीने फोन उभा करून ठेवला आणि ती तिथेच थांबली.

“आज कशी काय?” बाबा म्हणाले. “बरी आहेस ना?”

“बाबा, त्या चित्रात पूल नाहीये.”

“नाही म्हणजे?”

“नाहीच. घाट नाही, होडी नाही. मी पूल अर्धा कोरला आणि सोडून दिला. तुम्हाला सांगितलं नाही. हे दुसरंच आहे. तुमची बोटं बरोबर सांगत होती बाबा, मी खोटं सांगत होते.”

रागावले असते तर बरं झालं असतं. लहानपणी रागावले की पट्टी आपटायचे टेबलावर, नंतर दोन मिनिटांत विसरायचे. आता त्यांनी फक्त मान माझ्या आवाजाच्या दिशेला थोडी जास्त वळवली.

“मग आहे काय त्यात?” त्यांनी विचारलं.

आता खरी परीक्षा होती. पुलाचं वर्णन करायला मला कधी शब्द कमी पडले नव्हते. जे खरंच कागदावर होतं ते सांगताना मात्र मी अडखळायला लागले. म्हणाले, हातात घ्या. वहिनीने मांडीवर दिलं. म्हणाले, डाव्या कडेपासून सुरू करा. तिथे रेघा आहेत, आडव्या, पण सरळ नाहीत. त्या मी काढलेल्या नाहीत. फळी घासली की लाकडाच्या शिरा वर येतात, त्या आहेत.

बाबांचं बोट कडेवरून आत सरकलं. “या बारीक?”

“हो.”

“इथे दाट आहेत. इथे लांब लांब गेल्यात.” बोट पुढे गेलं आणि एका जागी अडलं. “इथे काहीतरी वळतंय.”

“गाठ आहे ती. फांदी फुटली होती तिथे.”

“हं. सगळ्या शिरा वळसा घालून गेल्यात तिला.” ते पुन्हा मागे आले, पुन्हा वळसा घालून गेले. मग उजवीकडे वर. “आणि हे जाड काय? दोरी?”

“सुतळी. दोन वेटोळी आहेत. शाई नाही त्यांना, नुसता उठाव.”

“दुसरं अर्धवट आहे,” बाबा म्हणाले. “इथे तुटलंय.”

खरंच तुटलं होतं. घासताना सुतळीचं टोक सरकलं होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज येऊ दिला नाही.

“म्हणजे बोटं शाबूत आहेत माझी,” बाबा वहिनीला म्हणाले. “बघ, वाटाणे आहेत का घरात. नाहीतर तुझा नवरा उगीच तपासणीला न्यायचा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “घासलंयस चांगलं. दाब सगळीकडे सारखा आहे. हात साफ आहे तुझा.”

“बाबा, मला माफ करा. मी असं करायला नको होतं.”

“असू दे. नको वाटलं असेल तुला, मी काहीतरी बोलेन म्हणून. बोललोही असतो.”

मला वाटलं, संपलं. इतकी हलकी झाले की हसायच्या बेतात होते. एवढीशी गोष्ट आणि मी किती दिवस कुजत राहिले, असंसुद्धा वाटून गेलं. बाबांचा हात अजून कागदावर होता, पण तो आता काही शोधत नव्हता.

“ती बाईपण नाही मग,” ते म्हणाले.

“कुठली?”

“घाटावरची. पाठमोरी.”

“नाही बाबा. तिलाही मी नुसतं सांगितलं होतं.”

“बरं,” बाबा म्हणाले. मग अगदी साध्या आवाजात, “मला दिसायला लागलं होतं गं ते. बोटांना लागत नव्हतं, पण डोळ्यांपुढे होतं. डोळे गेल्यापासून नवीन म्हणून तेवढं एकच चित्र बघितलं होतं मी.”